पंचवीस मीटरवरची नंबरप्लेट

अक्का, नमस्कार.

आम्ही उचगाव भागातले. आमचे हे अकरा वर्षं शाळेची व्हॅन चालवतात. गावातली आणि वाटेवरची मुलं हिंडलग्याला आणि पुढे बेळगावात सोडतात. व्हॅन आमचीच, पिवळ्या बोर्डाची, अजून सव्वा वर्षाचे हप्ते आहेत. ह्यांचं वय ४६. सात वर्षं शुगर आहे. दिवाळीपासून म्हणतात, रात्री समोरून गाडी आली की सगळं पांढरं होतं. डिसेंबरात शाळेच्या गॅदरिंगची मुलं रात्री नऊला सोडायची होती, तर आमच्या तेरा वर्षांच्या मुलाला पुढे बसवून नेलं. "ब्रेकर आला की सांग" म्हणाले. सुळग्याच्या पुढे उभ्या उसाच्या ट्रॉलीला डावा आरसा घासला. गाडीत नऊ मुलं होती. कुणाला काही झालं नाही आणि कुणाला काही कळलंही नाही.

मार्चात लायसन्सची ट्रान्सपोर्टची मुदत संपते. रिन्यूला डॉक्टरचा दाखला लागतो. एजंट म्हणतो, दोन मार्ग आहेत. सीमेपलीकडे महाराष्ट्रात शिनोळीला माझी नणंद असते, तिच्या पत्त्यावर कोल्हापूरला काम करून देतो, डॉक्टर ओळखीचा आहे, तपासणी नाही. नाहीतर रिन्यू करूच नका. सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, व्हॅन साध्या लायसन्सवर चालते, आणि ते अजून चार वर्षं आहे. हे म्हणतात, "रोजचाच रस्ता हाय, डोळं झाकून नेतो." शाळेत सांगितलं तर घर चालायचं कसं? नाही सांगितलं तर मला झोप नाही. काय करू?

– एक बहीण


एजंट, कोर्ट, शिनोळी, सगळ्याचं सांगते. पण त्याआधी एक गोष्ट आजच करायची आहे. अंधारात मुलं नेणं आजपासून बंद. डॉक्टरला दाखवेपर्यंत चालवू, महिनाअखेर बघू, असलं काही यात नाही. आणि अंधार म्हणजे फक्त रात्र धरू नका. आत्ता जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. तुमची पहिली मुलं पावणेसातला गाडीत बसत असतील तर ती फेरीही अंधाराचीच. त्यात मार्कंडेय नदीच्या अंगाच्या शेतांवर धुकं असतं आणि दिवस उसाचे आहेत. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही, टेपचा आवाज मात्र बाचीपासून हिंडलग्यापर्यंत. चांगल्या डोळ्यांच्या माणसालाही तो रस्ता या दिवसांत जड जातो. आरसा घासला त्यात चूक ट्रॉलीवाल्याची, असं कुणीही म्हणेल, मीही म्हणते. पण तेवढ्यावर तुम्हाला झोप लागली असती तर तुम्ही मला लिहिलं नसतं.

आता एजंट. त्याचा दुसरा मार्ग आधी घेते, कारण त्यात तो खोटं बोललेला नाही आणि मला तेच जास्त खटकलं.

मिस्टरांचं लायसन्सचं कार्ड काढून बघा. त्यावर मुदतीच्या दोन तारखा असतात. एनटी म्हणजे खासगी गाडीची, टीआर म्हणजे ट्रान्सपोर्टची. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने शाळेच्या मालकीची बससुद्धा ट्रान्सपोर्टच्या गाड्यांतच धरली आहे; मग पैसे घेऊन मुलं नेणारी पिवळ्या बोर्डाची व्हॅन तर आहेच. टीआरची मुदत पूर्वी तीन वर्षांची असायची, २०१९ च्या दुरुस्तीने ती पाचाची झाली, आणि दर वेळी डॉक्टरचा दाखला लागतो. एनटीची मुदत लांब असते. तुमच्या मिस्टरांची पन्नाशीपर्यंत आहे.

६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला की एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेली गाडी ट्रान्सपोर्टची असली, तरी हलक्या गाडीच्या साध्या लायसन्सवर चालवता येते, ट्रान्सपोर्टची वेगळी नोंद लागत नाही. तुमची व्हॅन दोन टनांचीसुद्धा नाही. म्हणजे मार्च उलटल्यावर हिंडलग्याच्या नाक्यावर कुणी गाडी अडवली, तरी मिस्टरांना बिनलायसन्सचा म्हणता येणार नाही. एजंटाचं एवढं खरं.

पण तो खटला मुळात कशावरून उभा राहिला, हे त्याने सांगितलं नसणार. अपघात झाला की इन्शुरन्स कंपन्या म्हणायच्या, ड्रायव्हरच्या लायसन्सवर ट्रान्सपोर्टची नोंद नव्हती, तेव्हा भरपाईची जबाबदारी आमची नाही. गेलेल्या माणसाच्या घरचे वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढायचे. त्या भांडणाचा तो निकाल आहे. ज्याला समोरचं दिसत नाही त्याने मुलं न्यावीत, असं त्यात कुठे लिहिलेलं नाही. उलट त्याच कायद्याचं १८६ वं कलम वाचा. आपल्याला असा आजार किंवा व्यंग आहे की ज्यामुळे आपलं गाडी चालवणं लोकांना धोक्याचं होईल, हे स्वतःला माहीत असताना जो गाडी चालवतो, त्याला दंड. पहिल्या वेळी १,००० रुपयांपर्यंत, पुढे २,००० पर्यंत. रक्कम किरकोळ आहे, तुमच्या एका टायरचीही नाही. पण "माहीत असताना" हे शब्द बघा. मुलाला पुढच्या सीटवर बसवलं त्या रात्री ते माहीत झालं. उद्या दुर्दैवाने कुणाचं मूल गेलं, तर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमात पाच वर्षांपर्यंतची कैद आहे. आणि ब्रेकर कोण सांगत होतं, हे तेव्हा कुणीतरी त्या पोराला विचारेलच.

शिवाय कोर्टाने सांगितलं ते कमीत कमी. शाळेला आणि पालकांना त्याहून जास्त मागायचा हक्क आहे. "आम्हाला टीआर चालू असलेलाच ड्रायव्हर हवा" असं शाळेने लिहून मागितलं, तर तिथे घटनापीठाचा निकाल दाखवून उपयोग नाही.

आता शिनोळी. सीमाभागात राहायचं म्हणजे हे असंच. शेत इकडे, सोयरीक तिकडे, पेट्रोल जिकडे स्वस्त तिकडे. त्यामुळे सरकारी कामसुद्धा जिकडे सोपं तिकडे करावं, असं आपल्याला वाटतं. मला कळतं, इथल्या ऑफिसात कन्नड फॉर्म पुढे सरकवला की आपल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. तिकडे निदान मराठीत भांडता येतं. पण बाई, डॉक्टरच्या दाखल्याचा तो फॉर्म, ज्याला सगळे फॉर्म वन-ए म्हणतात, तो केंद्राच्या १९८९ च्या नियमांतला आहे. सीमेवरच्या बाचीच्या अलीकडे तोच आणि पलीकडेही तोच. रिन्यू करायला माणूस दुसऱ्या गावच्या, अगदी दुसऱ्या राज्यातल्या ऑफिसातही जाऊ शकतो, पण तो तिथे राहत असला तर. नणंदेच्या घरी राहतो असं खोटं दाखवून लायसन्स काढलं, तर फसवणुकीने मिळवलेलं लायसन्स रद्द करायचा अधिकार कायद्याच्या १९ व्या कलमात आहे. आणि त्यासाठी आधारवरचा पत्ता बदललात की पुढे रेशन कार्डापासून पोराच्या दाखल्यांपर्यंत किती ऑफिसं फिराल, ते एजंट सांगणार नाही. त्याला त्याचे पैसे मिळालेले असतील.

(इथे थोडं बाजूला जाते. लायसन्स कुठल्याही राज्याचं असो, ते देशभर चालतं. परमिटचं तसं नाही. चंदगडच्या बाजूची एमएच-०९ ची गाडी इकडची मुलं उचलत असेल, तर ड्रायव्हरचं लायसन्स बघून गप्प बसू नका, ती गाडी कर्नाटकात कुठल्या परमिटवर चालते ते विचारा. दोन्ही राज्यांचे शाळेच्या गाड्यांचे नियमही वेगळे आहेत. महाराष्ट्राचे २०११ चे, त्यात शाळाशाळांत परिवहन समिती नेमायची असते. आपल्याकडचे २०१२ चे, आणि ते शाळेच्या मुलांना नेणाऱ्या गाड्यांसाठी म्हणूनच केलेले आहेत. आमची छोटी व्हॅन आहे, बसचे नियम आम्हाला कशाला, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात.)

त्या दाखल्यात असतं तरी काय, ज्याला सगळे एवढे भितात? ड्रायव्हरने स्वतःबद्दल लिहून द्यायचं आणि डॉक्टरने तपासून सांगायचं, असे दोन भाग असतात. फिट येते का, एकदम चक्कर येते का. स्वच्छ उजेडात पंचवीस मीटरवरची मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का, चष्मा असेल तर चष्म्यासह. लाल आणि हिरवा ओळखता येतो का. हॉर्न ऐकू येतो का. हातापायांत जोर आहे का. आणि रातांधळेपणा आहे का. शुगर आहे म्हणून लायसन्स नाही, असं त्यात कुठेही नाही. हे मिस्टरांना पहिल्यांदा सांगा. निम्मी भीती तिथे उतरेल.

आमचे अप्पा सरकारी बसवर ड्रायव्हर होते. बेळगाव-सावंतवाडी, आंबोली घाटातून. मी आठवी-नववीत असतानाची गोष्ट. त्यांची डोळ्यांची तपासणी होती, आणि घरात सगळ्यांना माहीत होतं की अप्पा पेपर धरतात तो हात हल्ली लांब लांब चाललाय आणि लांबचंही धूसर झालंय. तपासणीहून आले ते पेढे घेऊनच. आईने विचारलं, कसं काय जमलं? तर म्हणाले, कंपाउंडरने समोरच्या जीपची नंबरप्लेट वाचायला सांगितली. ती जीप डॉक्टरांचीच, गेली चार वर्षं त्याच झाडाखाली उभी असते. नंबर पाठ होता. अप्पांनी हे हसत हसत सांगितलं, आम्हीही हसलो. आई हसली नाही. संध्याकाळी ती त्यांना घेऊन कोपऱ्यावर गेली आणि जाणारी-येणारी लॉरी दाखवून म्हणाली, हिचा वाचा. मग हिचा. मग त्या तिकडच्या बसचा बोर्ड वाचा. अप्पांनी तीन वाचले, तिन्ही चुकले, चौथ्याला चिडून घरी आले.

तिनेच पुढे त्यांना साहेबांकडे पाठवलं. आठ महिने डेपोत बसून कागद लिहिले त्यांनी. गणपतीपर्यंत आईशी बोलले नाहीत, मधल्या निरोपांसाठी मी होते. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि गाडी परत मिळाली, पण गावाजवळची, घाटाची नाही. ते त्यांना शेवटपर्यंत लागून राहिलं. शेवट गोड झाला असं तुम्हाला खोटं कशाला सांगू. आई गेल्यावर मात्र एकदा म्हणाले, त्या वर्षी पावसाळ्यात घाटात मला पांढरी रेघ दिसत नव्हती, हे मी तिला कधी बोललो नव्हतो, तिला कसं कळलं कुणास ठाऊक.

हे सांगायचं कारण असं. ती नंबरप्लेट डॉक्टर वाचून घेतो ती दिवसाउजेडी. तुमच्या मिस्टरांचा त्रास आहे रात्रीचा, समोरच्या दिव्यांचा. ओळखीच्या डॉक्टरचं सोडाच, अगदी काटेकोर डॉक्टरपुढे उभे राहिले, तरी उजेडात ते कदाचित सगळं धडाधड वाचतील आणि दाखला मिळेल. ती परीक्षा शेवटी माणूस स्वतःहून काय सांगतो यावरच आहे. गॅदरिंगच्या रात्रीचं ते डॉक्टरला सांगणार नसतील, तर बेळगावचा दाखला आणि कोल्हापूरचा दाखला यांत मला तरी फरक दिसत नाही. आणि ती रात्र माहीत असलेली माणसं जगात तीनच आहेत. (पाच वर्षांपूर्वी दाखला काढला तेव्हाही शुगर होतीच. तेव्हा सही कशी झाली, ते मी विचारत नाही.)

म्हणून फॉर्मचं नंतर, आधी डोळ्यांचं. मी डॉक्टर नाही, पण एवढं कळतं की समोरच्या दिव्याने सगळं पांढरं होणं हे बरेचदा मोतीबिंदूचं लक्षण असतं, आणि शुगर असलेल्यांना तो लवकर येतो. तसं असेल तर तुम्ही ज्याला डोंगर समजताय ते काही आठवड्यांचं काम आहे. शुगर फार वरखाली होत असेल तर चष्म्याचा नंबरही हलतो. तिसरी शक्यता पडद्याची. शुगरने डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही, काही कळत नाही. कळतं तेव्हा बरंच गेलेलं असतं. लेसरने किंवा इंजेक्शनने ते पुढे वाढायचं थांबवता येतं, गेलेली नजर परत आणणं मात्र अवघड. शुगर असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यायला हवा. तुमच्या पत्रात सात वर्षांत त्याचा एकदाही उल्लेख नाही.

आणखी एक विचारते, पत्रात नाही पण विचारायला हवं. पहाटे निघताना ते काही खाऊन निघतात का? शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन नुसत्या चहावर स्टिअरिंगला बसणारे ड्रायव्हर मी पाहिलेत. औषधांवर अवलंबून आहे म्हणा, पण शुगर एकदम उतरून डोळ्यांपुढे अंधारी आली तर तो त्रास दिवसाउजेडीही होतो. डॉक्टरकडे औषधांचे कागद न्या आणि हे स्पष्ट विचारून घ्या.

आता मार्चची धास्ती. कायद्यात एक सवलत आहे ती एजंटाने सांगितली नाही, कारण त्यात त्याला काम नाही. मुदत संपल्यापासून वर्षाच्या आत रिन्यूचा अर्ज केला तर पुन्हा ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागत नाही. वर्ष उलटून गेलं तर द्यावी लागते. पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवस लायसन्स चालू धरायचे, ती सूट २०१९ ला गेली. तेव्हा मार्चात घाईने कुणाची तरी सही आणण्यापेक्षा टीआरची मुदत संपू द्या. डोळ्यांचं जे काय असेल ते होऊ दे. मग नीट तपासणी करून, सगळं खरं सांगून दाखला घ्या आणि वर्षाच्या आत अर्ज करा. थोडा उशिराचा दंड पडेल, पडू दे. तोवर ते स्टिअरिंगला नसतील. एनटी चालू असली तरी नसतील.

मग गाडी कोण चालवणार आणि हप्ता कोण भरणार? तुमचा खरा प्रश्न हाच आहे, बाकीचं सगळं त्याच्याभोवतीचं.

गाडी तुमची आहे, परमिट तुमचं आहे, मुलं तुमच्याकडे आहेत. जाणार आहे तो फक्त ड्रायव्हरचा रोज, आणि तोही काही महिन्यांचा. आपल्या भागात गावागावात मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर होऊन आलेली माणसं आहेत, त्यांत सैन्यात गाड्या चालवलेले असतात. पेन्शन असते, पूर्ण दिवसाची नोकरी नको असते, सकाळ-दुपारच्या दोन फेऱ्या त्यांना चालतात. अशा कुणाला रोजावर ठेवा. मिस्टर बाजूच्या सीटवर बसतील, मुलांना चढवतील-उतरवतील, कुणाचं घर कुठलं ते सांगतील. मुलांचा मामा गाडीतच असेल. महिन्याला हाती कमी येईल. किती कमी, ते दोघांनी बसून वहीवर मांडा, डोक्यात ठेवू नका, डोक्यात तो आकडा दुप्पट होतो. फायनान्सवाल्याकडे हप्ता थकण्याआधी जा. थकल्यावर गेलात तर तो वेगळ्या भाषेत बोलतो.

पण ज्याला ठेवाल त्याचं लायसन्स हातात घेऊन बघा. "मिल्ट्रीत होतो" हे लायसन्स नव्हे. परिवहनच्या वेबसाइटवर लायसन्सचा नंबर आणि जन्मतारीख घातली की ते खरं आहे का, मुदत कुठवर, सगळं दिसतं. गाडी बिनलायसन्सच्या माणसाच्या हाती दिली तर दंड मालकाला वेगळा आहे, पाच हजार रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. एफसी, म्हणजे गाडीचं फिटनेस सर्टिफिकेट, आणि इन्शुरन्स यांच्या तारखाही त्याच बैठकीत बघून घ्या. व्हॅनला आठ वर्षं झाली असतील तर एफसी आता दर वर्षी लागते.

राहिली शाळा. नोव्हेंबर १९९७ मध्ये दिल्लीत वझीराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत पडली, २८ मुलं गेली. त्यानंतर डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने शाळेच्या बसबद्दल आदेश दिले. ड्रायव्हरच्या अनुभवाची अट घातली. सिग्नल तोडणं, अडथळा होईल अशी गाडी लावणं, ओव्हरटेकचा नियम मोडणं अशांसाठी वर्षात दोनदापेक्षा जास्त चलन झालेला ड्रायव्हर नको म्हटलं. वेग, दारू, धोक्याचं ड्रायव्हिंग यात एकदा सापडलेलाही नको. ते आदेश दिल्लीचे, पण आज देशभर शाळा ड्रायव्हर घेताना जे विचारतात त्याचं मूळ तिथे आहे. तुमच्या मिस्टरांच्या नावावर अकरा वर्षांत यातलं काहीच नसेल, तर ती त्यांची कमाई आहे, आणि शाळेत जाताना ती बरोबर घेऊन जायची. "माझ्या डोळ्यांचं काम करून घ्यायचंय, तोवर हा माणूस गाडी चालवेल, हे त्याचं लायसन्स, मी गाडीत असेनच," असं ड्रायव्हर स्वतः येऊन सांगतो, तेव्हा त्याला कुठली शाळा काढेल असं मला वाटत नाही. आणि काढलंच, तर आरसा घासला ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळल्यावर काढलं असतंच.

सांगायचं त्यांनी. तुम्ही नाही. नवऱ्याच्या मागे शाळेत जाऊन सांगितलंत तर तुमच्या घरात जे होईल ते गणपतीपर्यंत संपणार नाही. पण एक अपवाद ठेवते. यानंतरही ते एका जरी फेरीला मुलं घेऊन अंधारात गेले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हीच मुख्याध्यापकांना भेटा. घरचं काय व्हायचं ते होऊ दे. मी हे सहज लिहीत नाही.

त्यांच्याशी बोलताना सासू-सासरे नकोत, पोरगाही नको. "तुम्हाला दिसत नाही" असं सुरू करू नका. कुठल्याही ड्रायव्हरला ते शिवीसारखं लागतं. जेवण झाल्यावर कोपऱ्यावर चला म्हणा. आता रात्रीच जा, दिवसा नको. वेंगुर्ला रोडच्या कडेला, रस्त्यापासून लांब उभे राहा आणि येणाऱ्या गाड्या बघा. काही विचारू नका. त्यांचं तेच बोलतील, नाहीतर घरी आल्यावर बोलतील.

डॉक्टरकडे या आठवड्यातच जा. बेळगावात जिल्हा रुग्णालयात, म्हणजे बिम्समध्ये, डोळ्यांचा विभाग आहे. पडदा तपासायचाय आणि शुगर आहे, असं केसपेपर काढतानाच सांगा. बुबुळ मोठं करायचे थेंब घालतात, त्यानंतर काही तास नीट दिसत नाही, गाडी चालवायची नसते. म्हणून व्हॅन घरी ठेवून बसने जा. तुम्ही बरोबर जा, आणि गॅदरिंगच्या रात्रीचं ते बोलले नाहीत तर तुम्ही बोला, डॉक्टरपुढे बोलायला हरकत नाही.

आणि जायच्या आधी पोराला जवळ बसवून सांगा, ब्रेकर बघायचं त्याचं काम आता संपलं. तो विचारत नसेल, पण दर वेळी गाडी सुरू झाली की त्याचं लक्ष रस्त्यावरच असणार.

– अक्का